जुन्या भूकंपांवरून आपल्या शहराचा धोका कसा ओळखावा

भूकंपाची तारीख सांगणारे मेसेज खुशाल डिलीट करा; ते कुणालाच सांगता येत नाही. पण धक्का बसला तर शहराचा कुठला भाग आणि कुठल्या इमारती आधी जातील, याचा अंदाज जुन्या भूकंपांवरून बराच बांधता येतो.

१. यादी करा. शहरापासून चारशे किलोमीटरपर्यंतचे भूकंप धरा. एवढ्या लांबचे कशाला? १९८५ साली मेक्सिको सिटी हादरली, तेव्हा केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब, समुद्रकिनाऱ्याजवळ होतं. भूकंपमापकांच्या नोंदी जेमतेम सव्वाशे वर्षांच्या आहेत, त्यामुळे त्याआधीचं जुन्या दप्तरांत आणि प्रवासवर्णनांत शोधावं लागतं. आजोबांच्या आठवणीत भूकंप नाही, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. काठमांडूत १९३४ नंतर तसाच विध्वंस थेट २०१५ ला झाला.

२. नुसता रिश्टरचा आकडा पाहू नका. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चजवळ सप्टेंबर २०१० मध्ये ७.१ चा भूकंप झाला. इमारत कोसळून कुणी दगावलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत ६.२ चा झाला आणि १८५ माणसं गेली. दुसरा उथळ होता, शहराला अगदी लागून होता आणि भर दुपारी झाला. म्हणून यादीत अंतर, खोली आणि वेळ यांचेही रकाने ठेवा.

३. पायाखाली काय आहे ते शोधा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. मेक्सिको सिटीचा बराच भाग बुजलेल्या तळ्यावर वसला आहे. त्या मऊ चिकणमातीत लांबून आलेल्या लाटा कित्येक पटींनी वाढल्या आणि जमीन साधारण दोन सेकंदांच्या संथ लयीत हेलकावू लागली. सहा ते पंधरा मजली इमारतींची स्वतःची डोलण्याची लय तिच्याशी जुळली आणि त्याच सर्वाधिक पडल्या. बुटकी जुनी घरं तुलनेने वाचली. पाण्याने भरलेल्या वाळूची तऱ्हा निराळी. जपानमधल्या निगाता शहरात १९६४ साली तशी जमीन चिखलासारखी पातळ झाली आणि रहिवासी इमारती जवळपास शाबूत अवस्थेत कलंडल्या. तेव्हा शहराचे जुने नकाशे काढा. तळी, ओढे, खाडी, भराव कुठे होते ते आजच्या नकाशावर रंगवा आणि आपलं घर त्यात कुठे येतं ते बघा.

४. इमारत तपासा. तळमजल्यावर नुसते खांब व पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले, ही रचना सर्वांत घातक. २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अशा कित्येक इमारती कोसळल्या. बांधकामाचं सालही विचारा: १९९५ ला जपानमधल्या कोबेच्या भूकंपात, १९८१ च्या सुधारित बांधकाम-नियमांनंतर बांधलेल्या इमारती पुष्कळ बऱ्या टिकल्या. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ऑडिट करून घ्या. खांबांना जॅकेटिंग करणं, म्हणजे भोवती सळ्या आणि काँक्रीटचा जादा थर देणं, किंवा तळमजल्यावर काँक्रीटच्या भिंती घालणं, असे उपाय आहेत. दुकान मोठं करायला कुणी तळमजल्याची भिंत पाडत असेल तर आधी त्याला थांबवा, सोसायटीची मीटिंग नंतर.

५. आगीचा विचार करा. १९२३ साली टोकियो-योकोहामात धक्का ऐन स्वयंपाकाच्या वेळी, १२ ला दोन मिनिटं कमी असताना बसला; लाखाहून अधिक बळींपैकी बहुतेक आगीत गेले. १९०६ ला सॅन फ्रान्सिस्कोत पाण्याच्या वाहिन्याच फुटल्या, मग आग विझवणार कशाने? गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह आणि विजेचा मेन स्विच घरातल्या प्रत्येकाला बंद करता आला पाहिजे. उंच कपाटं भिंतीला स्क्रूने बांधा. त्याला फक्त एक दुपार लागते.