ब्राउझरमधल्या स्क्रिप्टला आपला डेटा कसा द्यावा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे उरकले की अडत दुकानातलं लिखापढीचं काम सुरू होतं. कुणाची किती पोती, राजापुरी की परपेठ, वजन किती भरलं, दर काय लागला, हे सगळं आधी एक्सेलमध्ये जातं. मग तीच माहिती एखाद्या वेबसाइटच्या फॉर्ममध्ये एकेक रकाना करत पुन्हा भरायची. हे दुसरं काम पायथन भाषेतून सेलेनियम किंवा प्लेराइट ही ब्राउझर चालवणारी साधनं वापरून आपोआप करता येतं. नुसतं टाइप करून बटण दाबायचं असेल तर त्यांच्या साध्या कमांड पुरतात आणि तिथे त्याच वापराव्यात. पण तारखेचा रकाना टाइप करायला बंद असतो, किंवा शेकडो ओळींचा तक्ता एका दमात वाचायचा असतो. तेव्हा पानाच्या आत जावास्क्रिप्ट चालवावी लागते आणि पायथनमधला दर तिच्यापर्यंत पोचवायचा कसा, हा प्रश्न उभा राहतो.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. तुमचा प्रोग्रॅम आणि ब्राउझरमधलं पान ही दोन वेगळी घरं आहेत. पायथनमधलं ‘दर’ नावाचं व्हेरिएबल पानाला दिसत नाही. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवण्याची सोय) वापरणाऱ्यांची इथे जास्त फसगत होते, कारण पपेटिअर या तशाच साधनात किंवा प्लेराइटमध्ये पानात चालणारं फंक्शन त्याच फाइलमध्ये, त्याच भाषेत लिहिलेलं असतं. वरचं व्हेरिएबल आत चालेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्या फंक्शनचा फक्त मजकूर ब्राउझरकडे जातो, आजूबाजूची व्हेरिएबल मागेच राहतात आणि ‘दर इज नॉट डिफाइन्ड’ अशी एरर येते.

यावर बहुतेक जण पहिला उपाय करतात तो म्हणजे एफ-स्ट्रिंग (मजकुरात व्हेरिएबल भरण्याची पायथनची सोय) वापरून किंमत, म्हणजे व्हेरिएबलमधली माहिती, स्क्रिप्टच्या मजकुरातच चिकटवणं. तो करू नका. नुसते आकडे असेपर्यंत ते चालतं. मग एका कलमाच्या, म्हणजे नोंदीच्या, शेऱ्यात कुणीतरी ‘नं. १’ माल असं अवतरणचिन्हांसकट लिहितं, पत्त्यात मध्येच नवी ओळ येते आणि स्क्रिप्ट अर्ध्यात तुटते. यात धोकाही आहे. बाहेरून आलेल्या फाइलमधला मजकूर असा चिकटवला तर त्यात दडलेला कोड तुमच्या लॉगिन केलेल्या पानात चालू शकतो. कोऱ्या हिशेबपट्टीचं पुस्तक एकदाच छापतात, नाव-वजन-दर दर वेळी वेगळे भरतात. स्क्रिप्टही तशीच एकदा लिहून ठेवावी आणि डेटा आर्ग्युमेंट म्हणून, म्हणजे स्क्रिप्ट चालवताना सोबत, वेगळा द्यावा.

सेलेनियममध्ये हे असं होतं: ‘एक्झिक्यूट_स्क्रिप्ट’ला आधी स्क्रिप्टचा मजकूर द्यायचा, मग स्वल्पविराम देऊन हव्या तेवढ्या किमती. पानात त्या ‘आर्ग्युमेंट्स[०]’, ‘आर्ग्युमेंट्स[१]’ अशा क्रमाने मिळतात. सेलेनियमने शोधलेला रकानासुद्धा असाच देता येतो. म्हणजे पहिला आर्ग्युमेंट तारखेचा रकाना, दुसरा तारीख, आणि स्क्रिप्टमध्ये एकच ओळ: आर्ग्युमेंट्स[०].व्हॅल्यू = आर्ग्युमेंट्स[१]. उत्तर परत हवं असेल तर स्क्रिप्टमध्ये ‘रिटर्न’ लिहायलाच हवं, नाहीतर पायथनच्या हाती ‘नन’ (काहीच नाही) येतो.

प्लेराइटच्या ‘इव्हॅल्युएट’ला (पानात स्क्रिप्ट चालवणाऱ्या कमांडला) मात्र एकच आर्ग्युमेंट चालतो. दोन दिले की एरर. म्हणून नाव, वजन, दर एका डिक्शनरीत (नाव-किंमत जोड्यांच्या संचात) घालून ती डिक्शनरी द्या आणि पानातल्या फंक्शनमध्ये उलगडून घ्या. मला हीच पद्धत जास्त आवडते, कारण प्रत्येक किंमत नावानिशी पोचते आणि क्रम चुकून वजनाच्या जागी दर पडत नाही. लोकेटरवरून (प्लेराइटने शोधलेल्या रकान्यावरून) ‘इव्हॅल्युएट’ केलं तर रकाना आपोआप पहिला येतो, तुमची किंमत दुसरी. पपेटिअरला सेलेनियमसारखे कितीही आर्ग्युमेंट चालतात.

अपवाद एकच. पान उघडण्याआधी चालणारी स्क्रिप्ट, म्हणजे प्लेराइटची ‘ॲड_इनिट_स्क्रिप्ट’, नोडमध्ये आर्ग्युमेंट घेते, पायथनमध्ये घेत नाही. तिथे मजकुरात किंमत घालावीच लागते, पण ती ‘जेसन.डम्प्स’मधून (डेटा जेसन या ठरावीक मजकूर-रूपात बदलणाऱ्या पायथनच्या फंक्शनमधून) काढूनच घाला. अवतरणचिन्हं आणि नव्या ओळी ते नीट सांभाळतं.

आता खरी काळजी डेटाच्या प्रकाराची. सेलेनियम सगळं जेसनमध्ये बदलून पाठवतं, त्यामुळे पायथनची तारीख थेट दिली की एरर येते. पांडाजने (तक्ते वाचणाऱ्या पायथनच्या लायब्ररीने) एक्सेलमधून वाचलेले पूर्णांकही अडतात; त्यांना आधी ‘इंट’मध्ये घ्या. तारीख मजकूर म्हणून पाठवा. पानात तिची डेट करून पुन्हा ‘टूआयएसओस्ट्रिंग’ काढू नका, कारण ते वेळ ग्रिनिचप्रमाणे देतं. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून सांगलीतली मध्यरात्र तिथे आदल्या दिवशीची १८:३० होते आणि पट्टीवर एक दिवस आधीची तारीख पडते.

बँकेचा खाते क्रमांक कधीही आकडा म्हणून पाठवू नका. सुरुवातीचं शून्य गळतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक अचूक धरू शकत नाही. सेलेनियममधून ९००७१९९२५४७४०९९३ पाठवला तर पानात शेवटी ९९२ होतो, आणि एररही येत नाही. शेतकऱ्याचे पैसे ज्या खात्यात जायचे तो क्रमांक अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणूनच जायला हवा.

मराठीत भरलेल्या फाइलींचे आणखी दोन प्रश्न आहेत. पायथनचं ‘इंट’ देवनागरी ‘१२५००’ बिनतक्रार वाचतं, जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ मात्र ‘नॅन’ (आकडा नाही) देतं. म्हणून आकड्यांचं रूपांतर पायथनमध्येच उरका. दुसरा प्रश्न ‘कऱ्हाड’सारख्या नावांचा. त्यातला ‘ऱ’ एका कीबोर्डवर एकच अक्षर असतो, दुसऱ्यावर ‘र’ आणि नुक्ता, तिसऱ्यावर ‘र्’नंतर न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसू शकतात, पण स्क्रिप्टने ड्रॉपडाउनमध्ये नाव शोधलं की सापडत नाही. दोन्ही बाजूंचा मजकूर ‘नॉर्मलाइझ’मधून एनएफसी या एकसारख्या युनिकोड रूपात करून घ्या, म्हणजे पहिले दोन प्रकार एक होतात. जोडकाचा प्रकार वेगळा बदलावा लागतो.

किंमत रकान्यात बसली तरी काही फॉर्म ती मानत नाहीत. बदलल्यानंतर स्क्रिप्टमधून ‘इनपुट’ आणि ‘चेंज’ हे दोन्ही इव्हेंट (रकाना बदलल्याच्या सूचना) पाठवा. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत बांधलेल्या फॉर्मला बहुधा तेवढंही पुरत नाही. तिथे स्क्रिप्टचा नाद सोडून प्लेराइटचं ‘फिल’ किंवा सेलेनियमचं ‘सेंड_कीज’ वापरा.

पूर्ण फाइल लावण्याआधी एकच चाचणीचं कलम बनवा: गाव कऱ्हाड, शेऱ्यात अवतरणचिन्हं, खाते क्रमांक शून्याने सुरू होणारा, दर देवनागरी अंकांत. स्क्रिप्टला जे मिळालं तेच ‘रिटर्न’ करायला लावा आणि पायथनमध्ये छापून मूळ कलमाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. जुळलं की मग सबमिटची ओळ चालू करा.