अपडेट चालू असताना लाइट गेली तर

उबंटू (संगणक चालवणारी लिनक्स प्रणाली) पुसून नव्याने टाकायची घाई करू नका. पावसाळी वाऱ्यात चोपडा-शिरपूरकडच्या गावांत असं होणारच. तुमच्या फाइल बहुतेक वेळा शाबूत असतात, पॅकेजं (प्रोग्रामचे गठ्ठे) तेवढी अर्धवट बसलेली असतात. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून इंग्रजी लहान अक्षरांत 'सुडो डीपीकेजी' लिहा. जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून 'कॉन्फिगर', पुन्हा जागा सोडून एक रेघ आणि 'ए', म्हणजे sudo dpkg --configure -a. एंटर दाबा. राहिलेलं काम बहुतेक वेळा इथून पुढे पुरं होतं. एंटरनंतर मागितलेला पासवर्ड टाइप करताना पडद्यावर बहुतेकदा काहीच उमटत नाही; नवीन माणूस नेमका इथेच बिचकतो, पण ते तसंच असतं. डेस्कटॉपच उघडत नसेल तर संगणक सुरू होतानाच्या ग्रब मेनूतल्या रिकव्हरी मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या पर्यायात) डीपीकेजीचा पर्याय निवडा.