हॅरी गोस्लिनच्या मागावर : युद्धात तुटलेली कारकीर्द कशी शोधायची

माझे आजोबा जंगी पलटणीत होते, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये. दुसऱ्या महायुद्धात ही पलटण आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत लढली. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेतल्या कागदांवरून त्या डिव्हिजनची माहिती काढायला बसलो, तर तिच्या तोफखान्याच्या यादीत ५३ वी फील्ड रेजिमेंट दिसली. ती इंग्लंडमधल्या बोल्टन गावची होती आणि तिच्यात बोल्टन वाँडरर्स क्लबचे बरेचसे फुटबॉलपटू होते. त्यांचा कर्णधार हॅरी गोस्लिन.

अशा खेळाडूचं काय झालं हे शोधायचं असेल, तर सुरुवात आकड्यांपासून करा, पण तिथे थांबू नका. गोस्लिनचे आकडे सहज मिळतात. १९३० मध्ये नॉटिंगहॅमच्या बूट्स ॲथलेटिककडून बोल्टनने त्याला २५ पौंडांना घेतलं आणि पुढे तो लीगचे ३०३ सामने खेळला. १९३९ नंतर मात्र रकाना रिकामा. तो तीस वर्षांचाही झाला नव्हता. रिकामा रकाना पाहून खेळ संपला असं धरून चालू नका. १९३९-४०चा हंगाम तीन सामन्यांनंतर बंद पडला आणि ते सामने अधिकृत नोंदीतून वगळले गेले, म्हणून दोन पुस्तकांत तीनचा फरक दिसला तर गोंधळू नका. युद्धकाळातल्या स्पर्धा वेगळ्या, त्यांत खेळाडू छावणीजवळच्या कुठल्याही क्लबकडून पाहुणा म्हणून खेळत. गोस्लिन युद्धकाळात इंग्लंडच्या संघातूनही खेळला. ते सामने अधिकृत आंतरराष्ट्रीय धरत नाहीत, त्यामुळे नेहमीच्या यादीत त्याचं नाव शोधून सापडणार नाही.

यापुढे माणसाचा नाद सोडा आणि त्याच्या पलटणीच्या मागे लागा. माझे सुरुवातीचे कित्येक महिने नुसतं नाव शोधण्यात वाया गेले, म्हणून हे कळकळीने सांगतो. शिपायाच्या नावाने कागद क्वचित सापडतो, पलटणीच्या नावाने रोजचा दिवस सापडतो.

पलटण कळायची कशी? जो मारला गेला त्याच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट आहे, फुकट आहे. तिथे हॅरी टाकाल तर हाती काही लागणार नाही, कारण हॅरी हे घरगुती नाव, कागदावर हेन्री. जॅकचा जॉन होतो, बिलचा विल्यम. आडनाव टाका, दुसरं महायुद्ध निवडा आणि यादी स्वतः वाचून काढा. हुद्दा, रेजिमेंट, मृत्यूची तारीख, स्मशानभूमी सगळं तिथे मिळतं. गोस्लिन लेफ्टनंट होता. अधिकारी झालेल्यांच्या नेमणुका लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, छापून येत आणि त्याचे जुने अंकही ऑनलाइन फुकट वाचता येतात.

मग वॉर डायरी. प्रत्येक तुकडीने रोज काय केलं याची ही नोंदवही, लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ठेवलेली. १९४०च्या फ्रान्ससाठी डब्ल्यूओ (म्हणजे वॉर ऑफिस) १६७, मध्यपूर्वेसाठी डब्ल्यूओ १६९, इटलीसाठी डब्ल्यूओ १७० या मालिका बघा. गोस्लिनसाठी तिन्ही लागतात : डंकर्कची माघार, मग इजिप्त आणि इराक, मग सप्टेंबर १९४३ पासून इटली. डायरीत साध्या शिपायाचं नाव शोधू नका. त्या दिवशी तोफा कुठे होत्या ते टिपून घ्या आणि नकाशा शेजारी उघडा ठेवा.

आता गावातलं वर्तमानपत्र. ब्रिटिश वर्तमानपत्रांचा डिजिटल संग्रह पैसे भरून वाचावा लागतो. आधी तारखा जमवा आणि एका महिन्याची वर्गणी भरून सगळं एकदम वाचा. पहिली तारीख लिहून ठेवा : ८ एप्रिल १९३९, शनिवार, बोल्टनचं मैदान बर्नडेन पार्क, समोर संडरलँडचा संघ. हिटलर प्रागमध्ये शिरून महिनाही झाला नव्हता. सामन्याआधी गोस्लिन प्रेक्षकांशी बोलला, देशावर संकट आहे, प्रत्येकाने काहीतरी करायला हवं म्हणाला, आणि मग तो आणि त्याचे सोबती स्वतः भरती झाले. युद्ध अजून पाच महिने लांब होतं. त्याला कोणी बोलवायला आलं नव्हतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

सोबत्यांचाही माग काढा. गोलरक्षक स्टॅन हॅन्सन त्याच रेजिमेंटमध्ये होता. तो परत आला आणि १९५३च्या एफए कप फायनलमध्ये बोल्टनसाठी गोलात उभा राहिला. बोल्टन ४-३ने हरलं. गोस्लिन तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी होऊन १८ डिसेंबर १९४३ला गेला. इटलीतल्या सांग्रो नदीजवळच्या युद्ध स्मशानभूमीत त्याची कबर आहे.

त्याच आवारात, दहन झालेल्या पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. वॉर ग्रेव्हज कमिशनच्या त्याच वेबसाइटवर स्मारकाचं नाव टाका, रेजिमेंटमध्ये मराठा निवडा आणि एकेक नोंद उघडा. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हा दिलेला असतो. गावांची स्पेलिंगं साहेबाच्या कारकुनाने ऐकली तशी लिहिलेली आहेत, तेव्हा मोठ्याने वाचा. मी तसंच वाचत गेलो तेव्हा आमच्या शेजारच्या गावचं नाव कानावर पडलं.