डीबीटी सुरू करताय? आधी एक वही घ्या

बीपीडी, म्हणजे बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना पटकन टोकाला जाणं आणि नाती डळमळणं असा मानसिक आजार), असं निदान झालं की माणूस घरी येऊन पहिलं काम करतो ते मोबाइलवर शोधाशोध. लगेच डीबीटी हे उपचाराचं नाव सापडतं आणि त्यापाठोपाठ बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवणारे रील्स. मी थेरपिस्ट नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पण या उपचारातून गेलेली पेशंट म्हणून माझं ठाम मत आहे की त्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग, रोज भरायचा कागद, तोच मुख्य उपचार. बर्फ नंतर. त्यामुळे खाली बरंचसं कागदाबद्दलच आहे.

डीबीटी, डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, मार्शा लिनेहान यांनी सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये उभी केली. पुन्हा पुन्हा आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या बायकांवर त्या नेहमीची वर्तनोपचार पद्धत वापरून पाहत होत्या. ‘हे बदल, ते बदल’ म्हटलं की पेशंटला वाटायचं आपल्याला कुणी समजूनच घेत नाही. नुसतं समजून घेतलं तर जिणं होतं तिथंच राहायचं. म्हणून त्यांनी दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरल्या: तू जशी आहेस त्यामागे कारण आहे, आणि तरीही तुला बदलावं लागणार आहे. स्वीकाराची बाजू त्यांनी झेन साधनेतून घेतली. १९९१ साली पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, १९९३ साली पद्धत पुस्तकात आली. आणि २०११ साली त्यांनी जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः मनोरुग्णालयात दाखल होत्या. वर बसून सांगणारी बाई नाही ही, एवढं मला पुरलं.

खास बीपीडीसाठी म्हणून मंजूर झालेलं औषध नाही. गोळ्या असतात त्या सोबतच्या नैराश्यासाठी, झोपेसाठी, चिंतेसाठी. त्या आपल्या मनाने बंद करू नका, डीबीटी जोरात चालली असली तरी.

थेरपिस्ट शोधताना ‘तुम्ही डीबीटी करता का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. पूर्ण डीबीटीचे चार भाग असतात: आठवड्याला एक वैयक्तिक सेशन, आठवड्याला एक स्किल्सचा, म्हणजे भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारा ग्रुप, मधल्या दिवसांत गरज पडल्यास फोन, आणि थेरपिस्टची स्वतःची टीम, जिथे ते एकमेकांना सांभाळतात. स्किल्सचा अभ्यासक्रम साधारण २४ आठवड्यांचा असतो आणि बहुतेकदा तो दोनदा करतात, म्हणजे वर्ष धरून चाला. आपल्याकडे हे चारही एका जागी मिळणं मुश्कील. म्हणून नेमकं विचारा: डायरी कार्ड (तोच रोजचा कागद) भरून घेता का? चेन ॲनालिसिस (एकेका प्रसंगाचा कडी-कडीने माग) करता का? फोन कधी करायचा, कधी नाही? पहिल्या दोन प्रश्नांना ‘आम्ही तसं काही नाही करत’ असं उत्तर आलं तर ते समुपदेशन चांगलं असेलही, पण डीबीटी नव्हे. फीसुद्धा पहिल्याच फोनवर विचारा. वर्षभराचा खर्च आहे, त्यात भिडस्तपणा काय कामाचा?

आता वही. डायरी कार्डचे छापील नमुने मिळतात, पण शाळेची दोनशेपानी वही चालते. डावीकडे वार. मग उभे रकाने: स्वतःला इजा करायची इच्छा, मरून जावं असं वाटणं, तुमची जी सोडायची ठरलेली वागणूक असेल तिची इच्छा, मग दुःख, राग, लाज, भीती, आनंद. प्रत्येकाला ० ते ५ आकडा. इच्छा झाली एवढंच की ती गोष्ट केलीसुद्धा, हे वेगळं लिहायचं, कारण इच्छा ५ असूनही न करणं ही मोठी बातमी आहे. शेवटी झोप, गोळ्या आणि त्या दिवशी कुठलं स्किल वापरलं ते. बस. गोष्ट लिहायची नाही. गोष्ट लिहायला बसलात की रात्र जाते आणि दुसऱ्या दिवशी वही नकोशी होते. मी रात्री भांडी आवरली की ओट्यापाशी उभ्यानेच भरते.

आकडा लिहिताना स्वतःला झापू नका. रिपोर्टमध्ये शुगर २४० आली म्हणून लॅबमध्ये कुणी त्या नळीवर ओरडत नाही, तसं. आणि घरात कपाटाला कुलूप नसेल तर रकान्यांना नावं न देता क, ख, ग लिहा. आमच्याकडे वही आईच्या हाती दोनदा लागली. तिला वाटलं दुधाचा हिशोब आहे.

काही आठवड्यांनी या आकड्यांतून जे दिसतं ते डोक्यातून कधीच दिसत नाही. मी वर्षानुवर्षं ‘मला राग आवरत नाही’ असं सांगत होते. कार्डावर राग ५ असलेल्या जवळपास प्रत्येक दिवशी लाजही ४ किंवा ५ होती, आणि लाज आधी आलेली असायची. मग स्किल्स रागासाठी शोधून काय उपयोग?

चेन ॲनालिसिस म्हणजे आठवड्यातला एक प्रसंग घेऊन त्याचा कडी-कडीने माग काढायचा. उदाहरण माझंच घेते. सुरुवात वागणुकीपासून करा, आणि ती कॅमेऱ्यात दिसेल अशी लिहा. ‘मी तमाशा केला’ हे चालत नाही. ‘रविवारी दुपारी वहिनीला लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला, घरच्यांचा ग्रुप सोडला, दादाचा नंबर ब्लॉक केला’ हे चालतं. मग ठिणगी, म्हणजे बाहेर घडलेली गोष्ट: मिरजेला काकांकडे जमलेल्या सगळ्यांचा फोटो ग्रुपवर आला, मला बोलावणं नव्हतं. मग त्या दिवशी मी आधीच कशाने कच्ची होते ते: आदल्या दिवशीची नाइट शिफ्ट, सकाळपासून चहा-बिस्किटावर, पाळीचा पहिला दिवस.

मधल्या कड्या सगळ्यात महत्त्वाच्या, आणि तिथंच आपण घाई करतो. ‘फोटो पाहिला आणि डोकं फिरलं’ असं लिहिलं की थेरपिस्ट विचारते, मधे काय झालं? मधे बरंच झालं होतं. फोटो मोठा करून कोण कोण आहे ते मोजलं. मान आणि कानशिलं तापली. विचार आला, ‘यांना मी नकोच आहे.’ पोटात खड्डा, लाज. मग वहिनीचे जुने मेसेज वर सरकवत गेले. शेवटचा होता नुसता ‘ओके’. विचार: ‘हिनेच सांगितलं असणार.’ तिथं लाजेचा राग झाला. अंगठा माइकच्या बटणावर गेला.

शेवटी परिणाम. इथं खरं लिहा: मेसेज गेल्यावर मला हलकं वाटलं, छान हलकं. तो सुटकेचा क्षण लिहिला नाही तर अख्खी चेन वाया, कारण त्याच क्षणासाठी मेंदू पुढच्या वेळी तेच करतो. त्यानंतरचं नुकसान सगळ्यांना ठाऊकच असतं: दादाचा अबोला, आईचं रडणं, परत लाज.

मग प्रत्येक कडीपाशी विचारायचं, इथं दुसरं काय करता आलं असतं? नाइटनंतर आधी पोळी-भाजी, मग मोबाइल. फोटो मोजायला लागले तिथं वस्तुस्थिती तपासणं: मला माहीत काय आहे? एवढंच की फोटो आहे आणि मी त्यात नाही. ‘नकोच आहे’ हा माझा निष्कर्ष. लाज आली की लपावंसं किंवा फटकारावंसं वाटतं, तिथं उलट कृती: दादाला साधा फोन, ‘फोटो बघितला, मला यायला आवडलं असतं, पुढच्या वेळी कळवशील?’ बोलावणं खरंच मुद्दाम टाळलेलं असेल तरी हेच वाक्य उपयोगी पडतं. आणि झालेलं निस्तरायचं ते त्या कृतीपुरतं. ‘मी जे बोलले ते तुला लागलं असणार, तसं बोलायला नको होतं,’ एकदा. ‘मीच वाईट आहे’ असं वीस वेळा म्हटलं की समोरच्यालाच आपलं सांत्वन करत बसावं लागतं.

आता बर्फ. भावना इतकी चढली की विचारच सुचत नाही, तेव्हासाठी हे आहे. मोठ्या पातेल्यात गार पाणी घ्या, १० अंशांच्या खाली नको. श्वास रोखून, वाकून, डोळे आणि गालांचा वरचा भाग बुडेल असं साधारण ३० सेकंद धरा. पाण्यात डुबकी मारल्यावर शरीर हृदयाचा वेग कमी करतं, तीच प्रतिक्रिया इथं वापरतात. म्हणूनच हृदयाचा त्रास, कमी बीपी, हृदयगती मंदावणारी औषधं किंवा खाण्यासंबंधीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. कामावर मी डब्याच्या पिशवीतला आइस पॅक रुमालात गुंडाळून डोळ्यांवर धरते. काही मिनिटांची उसंत मिळते. त्या मिनिटांत मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा, तोच त्याचा उपयोग.

थेरपिस्टला फोन करायचा तो स्वतःला इजा किंवा तसं काही करण्याच्या आधी, आणि फोन छोटा असतो: काय झालंय, काय करून पाहिलं, आता काय करू. स्वतःला इजा केल्यानंतर २४ तास जादाचा फोन मिळत नाही, असा नियम आहे. जिवाला धोका असेल तर तो लागू नाही. पहिल्यांदा ऐकून मला तो दुष्टपणा वाटला होता. पण इजा केल्यावरच मायेचा आवाज ऐकू येणार असेल तर मन काय शिकेल? जिवावरच्या प्रसंगात मात्र स्किल वगैरे आठवत बसू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो. किंवा ११२, किंवा घरच्यांना उठवून सरळ जवळच्या दवाखान्यात.

घरच्यांना सगळं समजावू नका, एकच गोष्ट मागा: ‘चूक तुझीच आहे’ म्हणायच्या आधी ‘तुला एकटं वाटलं असेल’ एवढं म्हणा. पटलं पाहिजे असं नाही. आईला हे जमायला वेळ लागला, अजूनही ती ते पाठ केल्यासारखं म्हणते, पण म्हणते.

कार्ड कोरं राहिलं तरी सेशनला जा. तिथंच बसून, आठवेल तसं भरून घेतात, आणि ‘कार्ड का भरलं नाही’ याचीसुद्धा चेन करतात, जी इतर कुठल्याही चेनपेक्षा कंटाळवाणी असते. मूळ पद्धतीत सलग चार आठवडे सेशन किंवा ग्रुप चुकवला तर सुरुवातीला उपचाराचा जो मुदतीचा करार केलेला असतो, त्या करारापुरते तुम्ही बाहेर. तुमच्याकडे हा नियम कसा आहे, ते पहिल्याच सेशनला विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.