बडोद्यात इकॉलॉजीचं डिझर्टेशन करताय? या चुका टाळा

व्हायव्हात आणि पुढे पीएचडीच्या मुलाखतीत हमखास विचारतात, "तुमचा एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) किती?" बरीच डिझर्टेशनं तिथेच अडखळतात. विद्यार्थ्याने कष्ट भरपूर उपसलेले असतात, पण नक्की काय मोजायचं हे फील्डवर जाण्याआधी ठरलेलं नसतं.

फेऱ्या म्हणजे नमुने नव्हेत

नेहमीचा विषय घ्या: शहरी आणि ग्रामीण तलावांवरचे पाणपक्षी. विद्यार्थी शहरातला सूरसागर निवडतो आणि डभोई तालुक्यातला वढवाणा. दोन्हीकडे ३०-३० फेऱ्या मारतो आणि टी-टेस्ट (दोन सरासरींची तुलना) लावतो. डिग्री ऑफ फ्रीडम (तुलनेमागे स्वतंत्र माहिती किती, त्याचं माप) ५८, पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.००१ पेक्षा कमी. निष्कर्ष ठोकून मोकळा: शहरीकरणामुळे पक्षी घटतात.

पण शहरी तलाव एकच आहे आणि ग्रामीणही एकच. सूरसागरला तिसाव्यांदा गेलात तरी शहरी तलावांबद्दल नवं काही कळत नाही, फक्त सूरसागरबद्दल कळतं. तलावांच्या पातळीवर हा सामना एकास एक आहे आणि डिग्री ऑफ फ्रीडम शून्य. इकॉलॉजिस्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्येच या चुकीला सूडोरेप्लिकेशन (नमुन्यांची खोटी पुनरावृत्ती) म्हटलं होतं, तरी ती दरवर्षी नव्याने होते. शिवाय वढवाणा हा २०२१ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) असलेला मोठा सिंचन तलाव, तर सूरसागर चारी बाजूंनी बांधून काढलेला. फरक शहराचा, आकाराचा, खोलीचा की काठच्या गवताचा, हे सांगणार कसं?

त्याच ६० फेऱ्या वेगळ्या वाटा. ६ शहरी आणि ६ ग्रामीण तलाव, प्रत्येकी ५ फेऱ्या. शहरात गोत्री, गोरवा, हरणी, छाणी आहेतच. आकाराने त्यातल्या त्यात जवळचे निवडा. प्रत्येक तलावाची सरासरी काढून तुलना केलीत की डिग्री ऑफ फ्रीडम १० येतात. दिसायला कमी, पण खऱ्या. मिक्स्ड मॉडेल (एकाच तलावाच्या फेऱ्या एकमेकींशी जोडलेल्या मानणारं विश्लेषण) जमत असेल तर त्यात तलाव हा रँडम इफेक्ट, म्हणजे जोडणारा घटक, घ्या.

दोनच तलावांचा डेटा गोळा करून झालाय? मग मिक्स्ड मॉडेलही तारणार नाही, कारण प्रत्येक गटात तलाव एकच आहे. अशा वेळी प्रश्न बदलावा. एकाच तलावाच्या काठाचे भाग पाडून कोणती बदकं वनस्पतींच्या आडोशाने राहतात आणि कोणती उघड्या पाण्यात, हे त्याच नोंदींतून काढता येतं, अर्थात कोणता पक्षी कुठे दिसला हे लिहिलं असेल तर. आणि शीर्षकातलं "शहरीकरणाचा परिणाम" खोडून तलावांची नावं लिहा.

फेब्रुवारीत सुरुवात

चौथं सेमिस्टर जानेवारीत सुरू होतं. गाइड ठरून विषय मंजूर होईपर्यंत फेब्रुवारी उजाडतो, आणि तेव्हाच कलहंस, पट्टकादंब परतीच्या वाटेला लागतात. आलेख उतरतो आणि खापर पर्यटकांवर फुटतं. हिवाळी पक्षी हवे असतील तर गणना तिसऱ्या सेमिस्टरमध्ये, नोव्हेंबरपासून सुरू करा. ते जमणार नसेल तर टिबुकली, जांभळी पाणकोंबडी अशा इथेच राहणाऱ्या पक्ष्यांवर काम करा.

विश्वामित्री नदीतल्या मगरींचंही तेच. थंडीत त्या सकाळी उन्हाला काठावर येतात, उन्हाळ्यात बराच वेळ पाण्यात असतात. जानेवारीचा आणि मेचा आकडा शेजारी ठेवून "संख्या घटली" लिहू नका. घटलं ते दिसणं. रात्री टॉर्चने डोळ्यांची चमक मोजताना एकाच काठावरून, एकाच दिशेने चाला. वळणावर दोन्ही काठांवरून मोजलीत तर एकच मगर दोनदा मोजली जाते.

मगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला संशोधनासाठी पकडायचं, टॅग लावायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. जांबुघोडा अभयारण्यात काम करायचं तरी आधी परवानगी हवी. अर्ज विभागाच्या लेटरहेडवर, जुलै-ऑगस्टमध्येच टाका, आणि अभयारण्याबाहेरची एक पर्यायी जागा तयार ठेवा. परवानगी पदरात पडायला महिने जाऊ शकतात.

आकड्यांच्या बारीक चुका

झाडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर मोजा. ३१.४ सेंमी घेर म्हणजे १० सेंमी व्यास. घेरच व्यास समजून सूत्रात घातला तर बेसल एरिया (खोडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ) जवळजवळ दहापट येतो, आणि एवढी फुगलेली संख्या कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही हे नवलच.

शॅनन इंडेक्स (प्रजातींच्या विविधतेचा आकडा) देताना लॉगचा पाया लिहा. सारख्या संख्येच्या १० प्रजातींसाठी नॅचरल लॉगने २.३०, लॉग १० ने १.०० आणि लॉग २ ने ३.३२ येतं. दुसऱ्याच्या पेपरशी तुलना करण्याआधी त्याचा पाया बघा. कमाटीबागेत क्वाड्रॅट (ठरावीक मापाचा चौकोन आखून मोजणी) शिकवणं सोयीचं, पण तिथल्या लावलेल्या झाडांचा शॅनन काढून "नैसर्गिक विविधता" म्हणू नये. तो माळ्याच्या आवडीचा इंडेक्स!

पक्षी दिसला नाही त्या फेरीतही शून्य लिहा; रिकामा चौकोन म्हणजे शून्य की विसरलात, हे सहा महिन्यांनी आठवत नाही. एक्सेलमध्ये ०३/०४ चा ३ एप्रिल होईल की ४ मार्च, हे सेटिंगवर ठरतं, म्हणून तारीख २०२५-०४-०३ अशी, वर्ष आधी घालून लिहा. अक्षांश-रेखांशाचे कॉलम तपासा. बडोदा साधारण २२.३ उत्तर, ७३.२ पूर्व, उलटं भरलंत तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात पडतो.

नेटची तयारी

सीएसआयआर-नेट (संशोधन फेलोशिप आणि प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय परीक्षा) लाइफ सायन्सेसमध्ये भाग क च्या ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे असतात, प्रत्येकी ४ गुण. इकॉलॉजी, उत्क्रांती व वर्तन आणि जीवविविधता ही युनिट्स पक्की असली की इथे निवडीला वाव मिळतो. भाग ब मध्ये मात्र ५० पैकी ३५, तेव्हा बायोकेमिस्ट्री आणि सेल बायोलॉजी सोडून देणं महागात पडतं. चुकीच्या उत्तराला २५ टक्के गुण कापतात, त्यामुळे २५ चा आकडा भरण्यासाठी अंदाजाने खुणा करू नका.