लिनक्स टाकताना नेट लागत नाही? या चुका टाळा

नेट लागलं नाही की पोट्टे लगेच पेनड्राइव्ह पुन्हा बनवायला घेतात. अरे, बिघाड कुठे आहे ते तर आधी बघा! डेबियन म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार; त्याच्या इन्स्टॉलरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबा, मग एंटर. काळ्या पडद्यावर 'आयपी ए' (ip a) लिहा. १९२.१६८ सारखा पत्ता दिसला नाही, तर राउटरने पत्ताच दिलेला नाही. केबल आणि राउटर तपासा. पत्ता आहे, ८.८.८.८ ला (गुगलच्या सर्व्हरला) पिंग जातं, म्हणजे तिकडून उत्तर येतं, पण साइटच्या नावाला जात नाही? मग घोळ डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. मिनिटभराचं काम आहे, पण तेवढाही धीर नसतो.

माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो तारखेने. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शाळेच्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन टाकत होतो. कापूस वेचणीचे दिवस, लाइन दिवसातून तीनदा जायची. पत्ता मिळाला, पिंगही गेलं, पण बेस सिस्टिम उतरवताना दर वेळी एकच तक्रार: रिलीज फाइलची (पॅकेजांच्या यादीची) डिजिटल सही अवैध. सोबतचा पोरगा म्हणाला, "सर, केबलच खराब हाय, बदलून टाका ना." मीही ऐकलं. केबल बदलली, मिरर (फाइली जिथून उतरतात तो सर्व्हर) बदलला, दोन तास गेले. शेवटी 'डेट' (date) लिहिलं, तर मशीन २०१० सालात! सहीची किल्ली त्यानंतर तयार झालेली, मग ती सही मशीनला खरी कशी वाटणार? इन्स्टॉलर एनटीपीने, म्हणजे नेटवरून, वेळ मागतो, पण त्या नेटच्या लाइनवर ती वाट बंद होती.

मदरबोर्डावरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल नखाने उचलून मीटर लावला. तीन व्होल्टचा सेल दीडवरही नव्हता. दारव्ह्याच्या बाजारातून, घड्याळवाल्याकडून नवे सेल आणले, बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख घातली आणि पुढे सगळं सुरळीत उतरलं. नुसती तारीख घालून भागत नाही; सेल मेलेला असला की लाइन जाताच घड्याळ पुन्हा मागे जातं. तेव्हापासून जुनी मशीन हाती आली की केबल जोडण्याआधी मी बायोसमधली तारीख बघतो.

वायफाय दिसतच नसेल तर बहुतेक वेळा फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालवणारी फाइल, नसतं. डेबियन १२ पासून, म्हणजे जून २०२३ पासून, ते अधिकृत आयएसओमध्येच (पेनड्राइव्हवर टाकायच्या इन्स्टॉल फाइलमध्येच) येतं. तरी मित्राकडची २०२१ ची फाइल वापरून वायफाय कार्डाला शिव्या देणारे भेटतातच. नवी आयएसओ घ्या.

अशा वेळी मोबाइलचा हॉटस्पॉट कामाचा नाही, कारण तोही वायफायवरच चालतो. यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे मोबाइलचं नेट केबलने मशीनला द्या. केबल मात्र डेटाची हवी. जत्रेतून घेतलेली बरीचशी नुसती चार्जिंगचीच निघते.

लॅपटॉपच्या बाजूचं वायफायचं बटण सुरू आहे का तेही बघा.

दिवसाला दीड जीबीच्या रिचार्जवर नेटइन्स्टॉल (बहुतेक सगळं नेटवरून उतरवणारं इन्स्टॉल) सुरू करू नका. डेस्कटॉपसह एक जीबीहून जास्त उतरतं आणि अर्ध्यात अडकलात तर सगळं पहिल्यापासून. तालुक्याच्या गावी चांगल्या लाइनवर पावणेचार जीबीच्या आसपासची डीव्हीडी आयएसओ एकदाच उतरवून आणा. मी ती पेनड्राइव्हवर कायम बाळगतो.

राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. आणि मृगात आभाळ गडगडायला लागलं की लॅनची केबल मशीनमधून काढा, इन्स्टॉल निम्म्यात असलं तरी.