नाशिकच्या प्रभागात सेवा आखताना: माणसं, सण आणि वेळा

पाण्याची पाळी, घंटागाडीची फेरी, तक्रारीची खिडकी ही कामं कागदावर शहरभर सारखीच दिसतात. पण पंचवटी, जुनं नाशिक आणि सातपूर-अंबडच्या कामगार वसाहती यांचा दिवस एकाच वेळी उजाडत नाही. म्हणून विभागीय कार्यालयात, संस्थेत किंवा मंडळात काम करणाऱ्यांनी एक धोरण पक्कं ठेवावं: वेळ, जागा आणि निरोप वस्तीप्रमाणे बदलायचा, दर्जा आणि हक्क मात्र सगळीकडे तोच.

आधी तक्ता करा

वर्षाच्या सुरुवातीला एका तक्त्यात तीन रकाने आखा: पंचांगाची तिथी, हिजरी महिना आणि कारखान्यांच्या शिफ्ट. गेल्या वर्षीच्या इंग्रजी तारखा उतरवून घेऊ नका. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि अधिक मासामुळे तिथ्याही मागेपुढे होतात. रमजानात सकाळी सातला आलेलं पाणी रोजा ठेवणाऱ्या घराला उशिराचं. ते सहरीच्या, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणाच्या, आधी यायला हवं. बकरी ईदची कुर्बानी तीन दिवस चालते. पहिल्याच दिवशी जादा गाडी देऊन थांबलात, तर उरलेले दोन दिवस अवशेष नेहमीच्या कचऱ्यात मिसळतात आणि दुर्गंधी सुटते. जाड पिशव्या आदल्या दिवशीच वाटा.

रंगपंचमीला गावठाणात रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने मोठे हौद, भरतात, तेव्हा पाणी कुठून येणार हे मंडळांशी आधीच ठरवा. नाहीतर घरगुती पाळीतलंच पाणी तिकडे वळतं. कामदा एकादशीला राम आणि गरुडाचे रथ निघतात. रथमार्गावरची खोदाई निदान पंधरा दिवस आधी बुजवून घ्या. वरवर बुजवलेला चर माणसाला पेलतो, रथाच्या चाकाखाली खचतो.

सगळ्यात जास्त चुका छठपूजेला होतात. गोदाघाटावर ही गर्दी प्रामुख्याने उत्तर भारतीय कुटुंबांची असते. संध्याकाळी मावळत्या सूर्याला अर्घ्य, दुसऱ्या दिवशी पहाटे उगवत्याला. कित्येक जण मधली रात्र घाटावरच काढतात आणि व्रत करणाऱ्या बायका छत्तीस तास निर्जळी असतात. बंदोबस्त संध्याकाळपुरता ठेवून दिवे मालवले, तर खरी अडचण पहाटे चारला उभी राहते. रात्रभर दिवे, कपडे बदलायच्या खोल्या, बायकांची स्वच्छतागृहं आणि घाटावर प्रथमोपचाराचा माणूस एवढं हवंच. सूचना हिंदीतूनही द्या. कार्यालयीन भाषा मराठी असली तरी भोंग्यावरून हिंदी बोलायला काही अडत नाही.

मुहूर्ताची गर्दी विनंती करून ओसरत नाही, तिची फक्त वाट वळवता येते. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात सरदार चौकाच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरीत ३९ जण गेले. यायची आणि जायची वाट वेगळी ठेवा, आणि उतारावर अडथळा उभारू नका.

पुराचा निरोप

क्युसेकचे (सेकंदाला किती घनफूट पाणी) आकडे पाटबंधारे खात्याला कळतात, भांडीबाजारातल्या दुकानदाराला गोदापात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती कळतो. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला, यावरून माल हलवायचा की नाही हे लोक ठरवतात. तेव्हा दोन्ही एकत्र सांगा. नमुना असा:

«गंगापूर धरणातून दुपारी ३ वाजता विसर्ग वाढणार आहे. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत येण्याची शक्यता आहे. नदीकाठची दुकानं, टपऱ्या आणि गाड्या २ वाजेपर्यंत हलवा.»

यात दोन धोके आहेत. एक, धरण आणि शहर यांच्यामधला पाऊसही नदीतच उतरतो, म्हणून केवळ धरणाचा आकडा पुरत नाही. होळकर पुलाखालचा प्रवाहही पाहा. दुसरा, बाहेरगावच्या भाविकाला या खुणेचा काही बोध होत नाही. त्याच्यासाठी घाटावर दोर, शिट्टी आणि माणूसच लागतो.

निर्माल्य आणि मूर्ती

वाहिलेलं फूल माणूस कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही, मग नदीत सोडतो. दंडाचा फलक लावल्याने यात फारसा फरक पडत नाही. निर्माल्य कलश वेगळ्या रंगाचा, कमरेइतक्या उंचीचा आणि कचरापेटीपासून दूर ठेवा. उचलणारी गाडीही वेगळी हवी. लोकांच्या डोळ्यांदेखत ते कचऱ्याच्या गाडीत ओतलं, की उद्यापासून कलश रिकामा. खताला पाठवण्याआधी हारांतली तार, दोरा आणि प्लॅस्टिक काढून टाका, नाहीतर दोरा यंत्राच्या दांड्याला गुंडाळून ते बंद पडतं. पितृपक्षात पिंडांच्या पिठामुळे निर्माल्य ओलं आणि जड असतं. त्या पंधरवड्यात दिवसातून दोनदा उचला.

पीओपीची मूर्ती घरीच विरघळवणाऱ्यांना अमोनियम बायकार्बोनेट देताना मोजमापही सांगा: साधारण मूर्तीच्या वजनाइतकी पावडर, मूर्ती बुडेल एवढं पाणी, दोन-तीन तासांनी ढवळणं, सुमारे ४८ तास. बादली गच्चीत किंवा मोकळ्या हवेत ठेवायला सांगा, कारण अमोनियाचा वास बंद घरात सहन होत नाही.

तक्रार कोण आणतो

डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टेडे यांनी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीतून अधिकारातलं अंतर, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांमधली दरी लोक कितपत गृहीत धरतात हे, मोजलं. भारताचा निर्देशांक ७७, डेन्मार्कचा १८. आकडा देशाचा आहे, त्यावरून गंगापूर रोड आणि अंबडमधला फरक समजत नाही. पण साहेबासमोर एकट्याने उभं राहायला लोक कचरतात, हे खिडकीवर रोज दिसतं. कोणी मुकादमामार्फत येतो, कोणी नगरसेवकाच्या कार्यकर्त्याला पुढे करतो. मध्यस्थाला हाकलू नका. त्याने आणलेल्या यादीतल्या प्रत्येक नावाला स्वतंत्र अर्ज क्रमांक आणि पोच द्या. पोच अर्जदाराच्याच मोबाइलवर जाऊ द्या. अधिसूचित (कायद्याखाली जाहीर केलेली) सेवा असेल, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार मुदत आणि अपिलाचा अधिकारी कोण हे पोचेवर लिहा. पुढच्या वेळी यातले काही जण एकटे येतात, आणि मध्यस्थ पैसे घेत असेल तर तेही इथेच उघडं पडतं.

कुठे वाकायचं नाही

नळावर एका समाजाला मागे उभं करणं, सफाई कामगाराला वेगळा पेला ठेवणं, बाईची तक्रार नवऱ्याच्या सहीशिवाय न घेणं याला «आमच्याकडे असंच चालतं» हे उत्तर नाही. चर्चेची बैठक न बोलावता लेखी आदेश काढा आणि पहिला आठवडा तिथे कर्मचारी उभा ठेवा.

बदल केल्यावर महिन्याने दोनच गोष्टी तपासा: नवी वेळ खरंच पाळली जाते का, आणि आधी कधीच न येणारे लोक आता येतात का. दुसऱ्याचं उत्तर नाही असेल, तर वेळ पुन्हा बदलण्याआधी निरोप कोणाकडून गेला ते विचारा. बहुतेकदा निरोप नेणारा माणूस चुकीचा निवडलेला असतो.